काळा करकोचा, दोघींचा

आज माझ्या नणंदेचं, कुसुमताईंचं, वर्षश्राद्ध होतं आणि मी घरात नव्हते.

घरचे चिडले असतील. चिडू देत. आधी ताईंचा दवाखाना, मग हे रिकामं वर्ष. थकलेय मी.

पहाटेच स्कूटी काढली आणि कुहीकडचं आमचं तळं गाठलं. थंडीने बोटं बधिर. मागच्या सीटवर बडबड करायला कोणी नाही.

कुसुमताई शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर झाल्या, दुर्बीण घेतली आणि सोबत हवी म्हणून मला ओढलं. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

नियम त्यांचाच. दोघींनी पाहिला तरच पाहिला. एकीनेच पाहिलेला पक्षी हिशेबात धरायचा नाही.

एका थंडीत मी पाठमोरी, थर्मासमधून चहा ओतत होते. वळले तर ताई दुर्बीण खाली करून उभ्या.

"काय होतं?"

"काळा करकोचा. गेला उडून."

कित्येक हिवाळे त्या ज्याची वाट पाहत होत्या, तो.

"मले हाक काहून नाही मारली?"

"बोलली असती त उडाला असता. वाटलं, तू वळशील आता."

"मंग तुमचा झाला न, ताई."

"कसा होईल वं? तू कुठी पाहिला?"

विषय संपला. नंतर दर हिवाळ्यात आम्ही त्याच्यासाठी जायचो. तो काही आला नाही.

दवाखान्यातही विचारायच्या, "आला का वं तो?"

मी म्हणायचे, "बऱ्या व्हा, दोघी जाऊन पाहू."

आज तो पलीकडच्या चिखलात उभा होता. काळा, पोट पांढरं, चोच लाल. निवांत.

मी मनसोक्त पाहिला. मग दुर्बीण डोळ्यांवरून काढून शेजारी धरली, ताईंना द्यायला.

सवय.

तिथेच बसून रडले.

घरी आले तेव्हा पंगत बसली होती. नवऱ्याने एवढंच विचारलं, "दिसला का?"

हो म्हटलं. तो वाढायला गेला. मी पदर खोचून त्याच्या मागे.

ताई, तुम्ही तेव्हा पाहिलात. मी आज पाहिला.

झाला की नाही दोघींचा पाहून?

मी धरलाय. नियमात बसत नसेल तर येऊन रागवा.

भरल्या मनाने नमस्कार, ताई.