रुल्फीनची तीन मिनिटं

रुल्फीनला त्या ताऱ्याचा राग होता. आमच्या ड्रेंथ प्रांतातल्या रेडिओ-दुर्बिणीवर एकोणीस वर्षं पाळ्या करणारी ही बाई त्याआधी पावाची गाडी चालवायची. शाळा अर्धवट, पण पडद्यावरची रेघ वाचण्यात आम्हा पदवीवाल्यांना पाणी पाजायची.

तो तारा मेलेला, सेकंदाला पाचशेवर गिरक्या घेणारा. जोडीदार ताऱ्याचं अंग ओढून खात त्याने हा वेग कमावला होता आणि आता आपल्याच झोताने उरलेल्याला भाजून उडवत होता. उडालेला वायू मध्ये आला की त्याच्या लहरींची टिकटिक बंद पडायची, कधी कधी ठरल्या वेळेआधीच; त्याला आम्ही ग्रहण म्हणायचो. जोडीदाराचं अजून किती उरलंय, असं रुल्फीन दर पाळीला विचारायची आणि मी हसायचो.

त्या मंगळवारी दुपारी टिकटिक वीस मिनिटं आधीच थांबली. मी म्हटलं, ग्रहण लवकर लागलंय, कॉफी घे. ती उठली नाही. ग्रहणात फक्त तारा गप्प होतो, मागची खरखर तेवढीच राहते, ती म्हणाली. आज खरखर चढतेय. आता शोधनिबंध तूच लिही, अशी मी तिची चेष्टा केली. माझ्या त्या विनोदात सहा मिनिटं गेली.

लहरी टिपणारं यंत्र तापलं की खरखर चढते. ते गार ठेवायला हेलियम लागतो, आणि तो भरायला दुर्बिणीच्या थाळीच्या पायथ्याच्या कोंदट खोलीत हार्म गेला होता, तिचा नवरा. तिथला फोन वाजत राहिला. मोबाइल आमच्या रानात कुणीच बाळगत नाही. त्याने ताऱ्यांचा आवाज बुडतो. सायकली दामटत आम्ही पोचलो.

दार उघडलं. आत हेलियमची नळी फुसफुसत खोलीतली हवा हुसकावत होती आणि शिडीमागे हार्मचा एक बूट दिसत होता. मी घुसणार तोच रुल्फीनने माझी कॉलर धरली. दुसऱ्या हाताने तिने बाहेरच्या सिलिंडरचा नळ बंद केला, छताची झडप उघडली.

"आत गेलास तर तूही पडशील, वीब. तीन मिनिटं थांबायचं."

नियमच होता तो. दरवर्षी आम्ही सगळे त्याखाली सही करायचो, न वाचता. तिने माझी कॉलर सोडली नाही. घड्याळाचा काटा सरकेना. हार्मच्या काळजीपेक्षा मला तिचीच भीती वाटली, कारण ती रडत नव्हती.

तीन मिनिटं भरल्यावर तीच आत गेली. जमिनीलगत थोडी हवा उरली होती, म्हणून हार्म जगला. आठवड्याने घरी आला, वाटाण्याचं सूप मागितलं, आणि आपली बायको क्षणाचाही विचार न करता आत धावली असं भेटेल त्याला सांगू लागला. रुल्फीन ते खोडत नाही.

काल ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"त्याचा बूट हलला होता रे. दुसऱ्या मिनिटाला. तू पाहिलंस ना?"

मी पाहिलं होतं.

"नाही गं," मी म्हणालो.