बाटलीमामांचं रक्त

प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाटलीमामा म्हणत. सव्वीस वर्षं ते तिथल्या नळ्या, बाटल्या आणि काचपट्ट्या धुवत आले होते. धुतलेल्या काचेला कुणी ओल्या हाताने शिवलं की मामांचा पारा चढायचा.

त्यांच्या मुलीच्या वयाची एक संशोधक तिथे आली. मामा तिला ताई म्हणत. इमारतीमागच्या भिंतीलगत एक जांभळ्या देठाचं झुडूप आपोआप उगवायचं. त्याच्या पानांचा अर्क रक्तातल्या पेशींना वाचवतो का, हे तिला पाहायचं होतं.

"आपल्या शरीरात उपद्रवी रेणू रोजच तयार होतात, मामा," ती सांगायची. "ते पेशीतला डीएनए तोडतात. या पानांत त्यांना आवरणारं काहीतरी असावं."

पानं मामांनीच खुडली, सावलीत वाळवली. निरोगी माणसाचं रक्त हवं म्हटल्यावर बाहीही त्यांनीच वर केली. रक्त देण्याआधी भरायच्या अर्जात 'धूम्रपान' या शब्दापुढे 'नाही' लिहिलं. खरं तर दिवसाला आठ-दहा सिगारेटी व्हायच्या, अगदी घरच्यांपासूनही लपवून. पण खरं लिहिलं असतं तर ताईने त्यांचं रक्त घेतलंच नसतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाटल्या धुण्यापलीकडचं काहीतरी त्यांच्या वाट्याला आलं होतं.

ताई रक्ताच्या तीन नळ्या करी. एक साधी. दुसरीत पेशींना इजा करणारं पेरॉक्साइड. तिसरीत आधी पानांचा अर्क, मग पेरॉक्साइड. सूक्ष्मदर्शकाखाली धड पेशी गोल ठिपक्यासारखी दिसे. डीएनए तुटलेला असला की ठिपक्यामागे शेपूट निघे. साध्या नळीत शेपट्या फारशा नसायलाच हव्या होत्या. त्या होत्या, आणि चांगल्या लांब होत्या.

ताईने सगळं पुन्हा केलं. मग आणखी एकदा. रसायनं बदलली, उजेडाने पेशी बिघडू नयेत म्हणून खिडकीला काळा कागद लावला. तीन आठवडे वाया गेले. शेवटी तिचे सर म्हणाले, "काच नीट धुतलेली नसेल."

"सर, मामांच्या काचेबद्दल मी ऐकून घेणार नाही," ताई म्हणाली. "माझाच हात कुठेतरी चुकतोय."

धुण्याच्या जागी उभ्या असलेल्या मामांनी ते ऐकलं. हातातली बाटली त्यांनी खाली ठेवली. सर गेल्यावर ते ताईसमोर येऊन उभे राहिले.

"ताई, तुमचा हात चुकला नाही. मी खोटं लिहिलं. मी सिगारेट ओढतो."

ताईचा चेहरा उतरला. "तीन आठवडे, मामा! धुरानेही डीएनए तुटतो, म्हणून तर विचारलं होतं. मी स्वतःला दोष देत बसले होते." ती तडक बाहेर निघून गेली.

त्या संध्याकाळी मामांनी घरी सगळं सांगून टाकलं. मामी शाळेच्या गणवेशांची शिलाई करायच्या. त्यांनी मशीन थांबवलं. दोन दिवस अबोला चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्या प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"यांनी घोळ घातलाय. आता माझं रक्त घ्या," त्या ताईला म्हणाल्या. "मला कसलंही व्यसन नाही. विचारा यांना."

"सुई टोचेल हं, मामी."

"चाळीस वर्षं शिवतेय मी. सुईचं मला काय सांगता?"

ताईला हसू आलं. त्या दिवसानंतर मामांकडे पाहून ती पहिल्यांदाच हसली होती.

मामींच्या साध्या नळीतल्या पेशी गोल निघाल्या. पेरॉक्साइडच्या नळीत लांब शेपट्या. अर्काच्या नळीत त्या निम्म्याहून आखूड. पुढे आणखी सहा जणांच्या रक्तातही तसंच दिसलं. एक दिवस मामी आल्या असताना ताईने त्यांची काचपट्टी लावून मामांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मामा बराच वेळ डोळा लावून होते.

"हिच्या आहेत या?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"किती नीटनेटक्या आहेत."

"मग, हा पाला उकळून यांना देऊ का?" मामींनी विचारलं.

"नको, मामी. नळीत पेशी वाचल्या म्हणून शरीरात वाचतीलच असं नाही. आणि मामांच्या शेपट्या सिगारेटमुळेच आल्या, हेही एका माणसावरून मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सिगारेट सुटली तर बरंच."

"ते माझ्याकडे लागलं," मामी म्हणाल्या.

सिगारेट सुटायला सात महिने लागले. मधे दोनदा मामांचा पाय घसरला. दोन्ही वेळा त्यांनी घरात शिरल्या शिरल्या, चप्पलही न काढता, मामींना स्वतःच सांगितलं.