अंपायरची रिंग

सहावी स्टिक रिंगमध्ये अडकली तेव्हा फायनल सुरू व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या मुली माझ्यासमोर रांगेत उभ्या होत्या. अंपायर मी. रिंग म्हणजे साधं लोखंडी कडं. आतून दोन इंच. हॉकी स्टिक मुठीपासून टोकापर्यंत त्यातून आरपार गेली पाहिजे. नाही गेली तर ती स्टिक बाद. नियम साधा आहे, पण जिल्ह्याच्या मॅचला तो कोणी पाळत नसे. नव्वदच्या दशकात सुरतेत मुलींची हॉकी होते हेच पुष्कळ होतं. माझी स्वतःची रिंग घरी कपाटात गंजत पडली होती.

त्या सकाळी दुसऱ्या टीमचे कोच देसाई सर आपणहून आले. शहरातली नावाजलेली शाळा, मुलींना नवे बूट, नव्या स्टिक.

"बेन, आज फायनल छे. स्टिक चेक करा. रूल एटले रूल."

"माझी रिंग घरी आहे, सर."

"मारी पासे छे ने!" असं म्हणून त्यांनी बॅगेतून रिंग काढून माझ्या हातात ठेवली.

मी ती घेतली. इथेच माझी अक्कल शेण खायला गेली. आधी त्यांच्याच स्टिक तपासल्या. नव्या, बारीक, एकेक करून सरसर निघून गेल्या. मग कसला संशय येणार?

कडोदऱ्याच्या मुलींच्या स्टिक जुन्या. बहुतेकींचे वडील लूमवर कामाला, सगळे खानदेशातून आलेले. स्टिकला चीर पडली की नवी कुठून आणणार? तर लूमवरचा उरलेला धागा सरसात बुडवायचा, चिरेवर ताणून गुंडाळायचा आणि पत्र्यावर उन्हात वाळवायचा. वाळला की असा कडक होतो की हातोडा मारा. सहा स्टिकना असे पट्टे होते आणि सहाच्या सहा पट्ट्यापाशी अडकल्या.

"बाई, मन्हा बाबानी मोजेल शे!" कॅप्टन सुनंदा म्हणाली. "बाबांनी मोजलंय," हे ती मला अहिराणीत सांगत होती, कारण मी अमळनेरची आहे हे तिला ठाऊक होतं.

"रिंगपुढे बोलायचं नाही," मी म्हटलं.

हो, मीच म्हटलं. आजही आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मी देसाई सरांकडे गेले. त्यांच्या बॅगेत आठ-दहा जादा स्टिक होत्या, डोळ्यांनी दिसत होत्या. म्हटलं, सहा द्या, मॅच झाली की परत. ते म्हणाले, "शाळेची मालमत्ता आहे, बेन. तुटली तर जवाब कोण देणार?" अहो, काय माणूस! पोरींनी हरावं एवढंच नाही, रिकाम्या हातांनी हरावं असा यांचा बेत.

स्पर्धेच्या सेक्रेटरींनी वीस मिनिटं वाढवून दिली. उपकारच केले जणू. मुली मातीत बसल्या आणि ब्लेडने धागा कापून उलगडायला लागल्या. घरी बॉबिन भरणारे हात ते, भराभर चालत होते. एकेक थर निघत होता, मी रिंग लावून बघत होते. शेवटी सहाही स्टिक पास झाल्या, पण पट्टे अर्धे उरले आणि आतल्या चिरा दिसायला लागल्या. जिंकणारी टीम राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. कडोदऱ्याहून तोवर कोणीच गेलं नव्हतं.

मॅच मात्र सुंदर झाली. शेवटपर्यंत शून्य-शून्य. शेवटच्या पाच मिनिटांत कडोदऱ्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलपुढच्या अर्धवर्तुळात समोरच्यांनी फाऊल केला की हा मिळतो. गोललाइनवरून एकजण चेंडू बाहेर देते, दुसरी अडवते, तिसरी मारते. मारणार होती सुनंदा. तिने पूर्ण ताकदीने स्टिक फिरवली आणि कडाड! स्टिकचे दोन तुकडे. चेंडू कसाबसा घरंगळला. समोरच्यांनी तो ताब्यात घेतला, थेट पलीकडे नेला आणि गोल.

एक-शून्य. शिट्टी मीच वाजवली.

सुनंदाचे वडील रघुनाथभाऊ तेवढ्यात सायकलवरून आले. कडोदऱ्याला लूमचे पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. लेथवर हात बसलेला माणूस. मातीत पडलेला धाग्याचा ढीग बघून ते आधी थबकले, मग माझ्याकडे आले.

"मॅडम, पट्टे का सोडले?"

"रिंगमधून जात नव्हते, भाऊ."

"असं कसं? दोन इंचाचं गेज मी स्वतः लेथवर काढलं. एकेक स्टिक त्यातून घालून बघितली, मगच पोरींच्या हातात दिली. बघू तुमची रिंग."

मी दिली. त्यांनी ती उजेडात धरली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "एक सूत कमी आहे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हटलं, नुसतं बघून कसं सांगता? त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून रिंगवर आडवी ठेवली. पावणेदोनच्या पुढे एक सूत, आणि बस्स. दोन इंच भरतच नव्हते.

म्हणजे सहाही स्टिक पहिल्यापासून बरोबर होत्या. मग डोकंच फिरलं. तशीच तरातरा देसाई सरांपुढे गेले.

"ही काय भानगड आहे?"

"जूनी रिंग छे, बेन. कपाटमां पडी हती. मने शुं खबर?"

"जुनी झाली म्हणून लोखंड आक्रसतं का हो?"

ते हसले. हसले! सेक्रेटरी मध्ये पडले. "मॅडम, आता मॅच झाली. तपासणीची तक्रार कोचने मॅचआधी लेखी द्यायची असते. ती वेळ गेली."

"चूक कोचची नाही, माझी आहे. मी चुकीच्या मापाने तपासणी केली."

"जाऊ द्या हो. मुलींची मॅच आहे. एवढं काय मनावर घेता?"

मुलींची मॅच! हे ऐकलं आणि माझा उरलासुरला धीर संपला. निकालाच्या कागदावर दोन्ही अंपायरांच्या सह्या लागतात. त्याशिवाय निकाल लागत नाही. दुसऱ्या अंपायरची सही झाली होती, पेन माझ्यापुढे आलं. मी सहीच्या जागी लिहिलं : "तपासणीची रिंग एक सूत लहान होती. ती न मोजता वापरली, ही माझी चूक. मॅच पुन्हा घ्यावी."

"तुमचं अंपायरिंग बंद होईल, मॅडम," सेक्रेटरी म्हणाले.

"खुशाल करा."

चार दिवस मला समजावणारे फोन आले. मी बधले नाही. शेवटी पुढच्या रविवारी मॅच पुन्हा ठरली. रघुनाथभाऊंनी रात्रपाळी करून पट्टे पुन्हा बांधले, त्याच गेजने मोजून. सुनंदासाठी कुठून तरी जुनी स्टिक मिळवली, तिलाही पट्टा. मी आणलेल्या दोन इंची रिंगमधून सगळ्या स्टिक लोण्यासारख्या गेल्या.

समोरची टीम आलीच नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट बघितली. परीक्षा जवळ आली आहे, असा निरोप आला. मी कडोदऱ्याला विजयी जाहीर केलं. मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. मला वाटलं, आता उड्या मारतील. तर सुनंदा गोलपोस्टपाशी बसून हुंदके देत रडत होती.

"अगं, जिंकलात ना?"

"खेळलो कुठे, बाई?" ती म्हणाली.

 

पुढची दोन वर्षं मला एकाही फायनलला बोलावलं नाही. देसाई सर मात्र निवड समितीवर गेले. रघुनाथभाऊंनी मला लेथवर नवी रिंग काढून दिली. रिटायर होईपर्यंत तीच वापरली. प्रत्येक मॅचआधी दोन्ही कोचना जवळ बोलवायचे, पट्टी रिंगवर ठेवायचे आणि मोठ्याने वाचायला लावायचे. लोक हसायचे, बाईला वेड लागलंय म्हणायचे. म्हणोत. नियम सांगत येणाऱ्या माणसाची रिंग आधी मोजावी, आणि पोरगी "मोजलंय" म्हणाली तर तिचं आधी ऐकावं. एवढं शिकायला मला एका मुलीची मॅच खर्ची घालावी लागली.