ठिगळावरचा नारळ

रेझिनचा उग्र वास आला की देवपूरचं आमचं अंगण आठवतं. जीपमागे ओढायचं फायबरचं नवं कोरं चाकांवरचं घर दारात उभं होतं आणि आम्ही पद्मालयाच्या गणपतीला निघालो होतो. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ट्रॅक्टरच्या लोखंडावर फोडायच्या सवयीने नारळ थेट या घराच्या अंगावर आपटला. नारळ शाबूत, घराला भोक! मला रडू फुटायचं बाकी होतं, तर आबा म्हणतात, “नारय पक्का शे, गाडीच कच्ची शे!” शेजारी कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारे चाचा हसतच रेझिन आणि फायबरचं कापड घेऊन आले आणि त्यांनी भोकावर चांगले चार थर चढवले. उन्हात ते वाळेपर्यंत आमचा दोनदा चहा झाला. मग चाचांनीच नारळ आबांच्या हातात दिला, “आता इथंच मारा.” पहिल्याच फटक्यात दोन शकलं! परवा घराला पुन्हा रंग दिला, पण त्या ठिगळाला मी ब्रश लावू दिला नाही. प्रत्येक प्रवासाचा नारळ अजून तिथंच फुटतो.