चढणाऱ्याला वाट

पोलादपुरात माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर क्लास होता. तास संपला की तो "चला" म्हणत नसे. उठून सरळ पंखा बंद करायचा. वर्ग रिकामा झाला की स्वतः बनवलेला गेम उघडायचा. आंबेनळी घाट उतरणारी एसटी. एकेक वळण त्याने मोटारसायकलवर हिंडून हुबेहूब उतरवलं होतं. समोरून चढणारी गाडी आली आणि तुम्ही थांबला नाहीत, की खेळ खलास. मी दरवेळी तिथेच मरायचो आणि तो खूश व्हायचा.

गेम विकायची त्याला अजिबात लाज नव्हती. मुंबईचा एक कंपनीवाला आला, तेव्हा त्याने किंमत आधी सांगितली आणि चहा नंतर मागवला.

"दरडींवर जाहिराती हव्यात."

"टाकतो."

"एसटीऐवजी स्पोर्ट्स कार?"

"करतो की." मी चाटच पडलो.

"आणि चढणारी गाडी उडवली की बोनस पॉइंट."

"नाय. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची."

"अहो, गेम आहे हा! दुप्पट देतो."

मे महिना होता. कंपनीवाला घामाने निथळत होता. हा शांतपणे उठला आणि त्याने पंखा बंद केला.