ओलं गोणपाट

ओल्या गोणपाटाचा वास आला की रेवदंड्याचं आमचं भाड्याचं घर आठवतं, आणि लेकीचा न्यूट. पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा तो बोटभर जीव तिने मांडव्याच्या बोटीने मुंबईहून डब्यातून आणला होता. त्याच्यासाठी काचेची टाकी घेतली, आणि तळाला घालायला मी मोठ्या हौसेने समुद्रावरची वाळू आणून एकदा धुऊन टाकली. दुपारपर्यंत तो काचेवर चढून बाहेर पडायला धडपडू लागला. लेक रडवेली झाली. तेवढ्यात सुकी मासळी विकणारी शेजारची मावशी आत आली. तिने टाकीत बोट बुडवून सरळ जिभेला लावलं. "अगो बाय, पानी खारट हाय! याला काय सुकवायचा हाय?" मग तिनेच पाणी उपसलं, वाळू फेकली, ओढ्यातले गोटे मांडून विहिरीचं गार पाणी भरलं आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. संध्याकाळी तो गोट्याआड निवांत बसला होता. पुढे चांगली चार वर्षं जगला. लेक आता स्वतःच्या घरी माशांची टाकी भरते, तेव्हा मासे सोडण्याआधी बोट बुडवून जिभेला लावते. बघणारे हसतात. हसू देत, आमच्या घरात ही रीत त्या मावशीची आहे.