मोठ्या जहाजाच्या आडोशाला

आमच्या आत्याला धक्क्यावरची माणसं तोंडावर 'कॅप्टन' म्हणतात आणि पाठीमागे 'वारेवाली'. तिला दोन्ही माहीत आहे, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. या लोकांनी जन्मभर डिझेलचा धूर गिळला, यांच्या पोरांना खोकला लागला, आणि हसायचं कुणाला, तर जी धूर करत नाही तिला. मोठे शहाणे लागून गेलेत.

आत्या काही वाऱ्यावर वाढलेली नाही. मोठ्या मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत तिने उमेदीची वर्षं काढली. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. तेव्हा नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा, हे ती भर जेवणात सांगते. एक दिवस नोकरी सोडून ती घरी आली आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, निम्मा भागीदार करून तिने एक जुनं जहाज घेतलं. त्यातलं इंजिन स्वतःच्या हाताने खोलून भंगारात घातलं आणि वर शिडांसाठी दोन डोलकाठ्या उभ्या केल्या.

"ताई, बंदरात शिरण्यापुरतं तरी एक छोटं इंजिन ठेव," बाबा म्हणाले.

"छोटं ठेवलं की तेच रोज चालतं. मी मला ओळखते."

जहाज झालं, पण माल कोण देणार? जो तो विचारायचा, अमुक तारखेला नक्की पोचेल ना? आत्या खोटं बोलायची नाही, आणि माणसं उठून जायची. अशात एका हॉटेलवाल्याची नजर आमच्या जहाजावर गेली. धक्क्याला कायमचं बांधायचं, डेकवर टेबलं मांडायची. बाबांनी मनातल्या मनात ती मांडलीसुद्धा होती.

तेवढ्यात कॉफीचे एक व्यापारी आले. एक खेप करून दाखवा, म्हणाले, पण या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत इंधनाचा थेंब लागता कामा नये. "तसं मी पाकिटावर छापणार आहे, आणि मला खोटं छापायचं नाही." जमलं तर वर्षाचा सगळा माल आमचा. आत्याने बाबांना सांगून टाकलं, "ही खेप फसली तर तुझं हॉटेल. मी आडवी येणार नाही."

कॉफी भरून येताना सगळं सुरळीत झालं. घोळ झाला तो बंदराच्या तोंडाशी. पाणी खवळलेलं होतं, बाजूला एक अवाढव्य कंटेनर जहाज नांगर टाकून उभं होतं. आत्या पुढे शिडाचे दोर सांभाळत होती आणि सुकाणू बाबांकडे होतं. बाबांनी जन्मभर प्रवाशांची लाँच चालवलेली. लाँचवाल्याला लाटा दिसल्या की तो मोठ्या जहाजाच्या आडोशाला शिरतो. तिथे पाणी शांत असतं, प्रवाशांना उलट्या होत नाहीत. बाबा शिरले. जित्याची खोड! त्या धुडाने आमचा सगळा वारा अडवला. शिडं ओल्या धुण्यासारखी लोंबायला लागली आणि जहाज जागच्या जागी थांबलं. आत्याने मागे वळून नुसतं पाहिलं. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

समोर धक्क्यावर कॉफीवाले उभे. शेजारी हॉटेलवालाही, मुहूर्त साधून आल्यासारखा. जहाजं ओढून नेणारी एक डिझेलची टगबोट जवळ आली. "दोर टाकू का कॅप्टन? फुकट!"

बाबांनी हात वर केलाच होता. आत्या ओरडली, "तुझा दोर तुझ्याकडेच ठेव."

"ताई, एवढ्याशा अंतराला कोण बघतंय?"

"मी बघतेय."

मग तिने लहान नांगर होडीत ठेवायला सांगितला. मी आणि आमचा आचारी तो वल्हवत पुढे न्यायचो आणि पाण्यात सोडायचो. डेकवर आत्या आणि बाबा रहाट फिरवून त्याचा दोर गुंडाळायचे, की जहाज नांगरापर्यंत ओढलं जायचं. नांगर उचला, आणखी पुढे न्या, पुन्हा ओढा. आडोशातून बाहेर आलो तोवर खुद्द वाराही पडला होता, मग धक्क्यापर्यंत हेच. "बैल जुंपा, बैल," धक्क्यावरून कुणी म्हणालं. मी होडीतून जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

धक्क्याला लागलो तेव्हा दिवे लागले होते. कॉफीवाल्यांचा चेहरा उतरला होता. "दुपारी तुम्ही तोंडाशी होता. वाऱ्याने असा रोज दगा दिला तर मी दुकानात काय ठेवू?"

आत्या दोर गुंडाळत राहिली. भावाकडे बोट दाखवेल तर ती आत्या कसली? आणि बाबांनी फक्त गप्प राहायचं होतं. हॉटेल आयतं पदरात पडत होतं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघतही नव्हते.

"वारा होता," बाबा म्हणाले. "मी जहाज आडोशाला घातलं. लाँचची सवय. चूक माझी आहे. शिडाची नाही, आणि ताईची तर नाहीच." ज्या माणसाने घरात कधी साधं 'चुकलं' म्हटलं नाही, तो हे चारचौघांत बोलला. माझे डोळे भरून आले, काय करणार.

"मग आपलं काय?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"आपलं काही नाही," बाबा म्हणाले.

कॉफीवाल्यांनी आत्याला विचारलं, "टगवाल्याचा दोर का नाही घेतला?"

"तुम्हाला खोटं छापायचं नव्हतं ना?"

"आणि खरोखरच वारा पडला तर?"

"तर उशीर होणार. आत्ताच सांगून ठेवते. तारीख हवी असेल तर ते बघा, समोर उभं आहे." तिने त्या धुडाकडे हात केला. त्याच्या धुराड्यातून धूर निघतच होता.

कॉफीवाल्यांनी वळून तो धूर पाहिला. मग म्हणाले, "पुढचा माल कधी भरताय?"

बाबा खाली बसले होते, सोलवटलेले तळवे मांडीवर उघडे ठेवून. "ताई," ते म्हणाले, "यापुढे सुकाणू तूच धर."

"का? तिथे शिरायचं नाही हे आता तुझ्याइतकं कुणाला कळलंय?"